कापसाचा दलाल आणि वावराचा दलाल : वऱ्हाडातील परवान्याची एकशेवीस वर्षे

गेल्या वर्षी पावसाळ्यात माझा पुतण्या रोज रात्री जेवण झाल्यावर एक जाडजूड चोपडी घेऊन ओट्यावर येऊन बसे. अमरावतीच्या बाजूला प्लॉट आणि फ्लॅटच्या व्यवहारात तो चार-पाच वर्षे फिरतो आहे. आता ‘महारेरा’ची परीक्षा दिल्याशिवाय एजंटाचे काम करता येणार नाही, म्हणून त्याचा अभ्यास चालू होता. त्याने चोपडी माझ्या हाती द्यायची, मी कुठलेही पान उघडून प्रश्न विचारायचा आणि त्याने उत्तर द्यायचे, असा आमचा क्रम. वयाच्या पन्नाशीनंतर कुणाची तरी परीक्षा घेण्याची संधी मिळाली म्हणून मीही खूश होतो.

एका रात्री त्यानेच मला प्रश्न केला. ‘‘काका, वावराच्या सौद्याले हा परवाना लागते का?’’

मी चोपडी मागेपुढे चाळली. मग मूळ कायदा उघडला. पुन्हा पुन्हा वाचला. म्हटले, ‘‘नाही बा, वावराले नाही लागत.’’

‘‘मंग आपल्या तिवस्यात हा परवाना कोनाले लागन?’’ असे म्हणून तो झोपायला गेला. माझी झोप मात्र उडाली. कारण शेतमालाच्या दलालाला परवाना असला पाहिजे, ही गोष्ट या देशात सगळ्यात आधी कायद्याने ठरली ती आमच्याच वऱ्हाडात. कापसाच्या दलालाला परवाना देणारा कायदा १८९७ चा. जमीन-घराच्या दलालाला नोंदणी लावणारा कायदा पूर्णपणे अमलात आला १ मे २०१७ रोजी. मध्ये बरोबर एकशेवीस वर्षे. आणि एवढी वाट पाहूनही वावराचा, म्हणजे शेतजमिनीचा दलाल कायद्याच्या बाहेरच राहिला. असे का झाले, याचा माझ्या कुवतीप्रमाणे घेतलेला हा शोध.

तहसीलसमोरचा रस्ता

तिवसा हे अमरावती-नागपूर महामार्गावरचे तालुक्याचे गाव. एका बाजूला मोझरीचे गुरुकुंज, दुसऱ्या अंगाला वर्धेकाठचे कौंडण्यपूर. २०१५ पासून इथे नगरपंचायत आहे. अशा कोणत्याही तालुक्याच्या गावी तहसील कार्यालयासमोर थोडा वेळ उभे राहिले, तर परवान्यांचे एक लहानसे प्रदर्शनच पाहायला मिळते. मुद्रांक विकणाऱ्याच्या टेबलावर ‘परवानाधारक मुद्रांक विक्रेता’ अशी पाटी असते. वकिलाकडे सनद असते. पलीकडे बाजार समितीत गेले, तर अडत्याला परवाना, व्यापाऱ्याला परवाना, मापाऱ्याला परवाना, पाठीवर पोते वाहणाऱ्या हमालालाही परवाना.

या सगळ्यांच्या मधून एक माणूस मोटारसायकलवर फिरत असतो. शर्टाच्या खिशात दोन-चार सातबारे, मोबाइलमध्ये नकाशे. अमक्याला पोरीचे लग्न करायचे आहे, तमक्याच्या भावाभावांत वाटणी झाली आहे, फलाण्याला नागपूरची ‘पार्टी’ हवी आहे, हे सारे त्याला पाठ. घेणारा आणि देणारा एकत्र येतो तो त्याच्यामुळे. मुद्रांकवाला पाचशे रुपयांचा कागद विकतो, हा पन्नास लाखांचा सौदा जमवतो. पण या रस्त्यावर विनापरवाना काम करता येते ते एकट्या त्यालाच.

‘दलाल’ हा मूळ अरबी शब्द. वाट दाखवणारा, दाखवून देणारा, असा त्याचा धात्वर्थ. आज त्याला शिवीचा वास येतो, म्हणून लोक ‘एजंट’ म्हणतात. मी या लेखात जुनाच शब्द वापरतो आहे, कारण वाट दाखवणारा माणूस कुणाची वाट दाखवतो आणि कुणाची चुकवतो, हाच इथला विषय आहे.

कारंजा, १८८६

निजामाकडून १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आला, आणि हैदराबादचा रेसिडेंट त्याचा कारभार पाहू लागला. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस बंद झाला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर इकडे वळली. १८६७ पर्यंत रेल्वे बडनेऱ्यावरून नागपूरला पोहोचली. १८७० साली खामगावच्या कापूस बाजारापर्यंत रुळांचा फाटा गेला आणि त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. काळ्या मातीतले पांढरे बोंड थेट समुद्रापर्यंत जोडले गेले.

रेल्वेबरोबर परदेशी पेढ्यांचे खरेदीदार आले. त्यांची पहिली तक्रार मालाच्या भेसळीची होती. चांगल्या कापसात हलका मिसळलेला, ओला केलेला, सरकी आणि माती राहिलेला. मुंबई इलाख्यात तर यासाठी १८६३ सालीच कापसातील फसवणुकीविरुद्ध कायदा झाला होता. दुसरी तक्रार बाजाराच्या बेशिस्तीची. वजने निरनिराळी, काटा धरणारा कुणाचा माणूस हे ठाऊक नाही, दलाल कुणाच्या बाजूने बोलतो ते कळत नाही.

आज वाशीम जिल्ह्यात असलेल्या कारंजा लाड येथे १८८६ साली रेसिडेंटच्या हुकुमाने कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला. देशातला तो पहिला. त्या अनुभवावर ११ वर्षांनी, १८९७ साली, वऱ्हाडचा कापूस आणि धान्य बाजारांचा कायदा आला. आज देशभर ज्या कृषी उत्पन्न बाजार समित्या आहेत, त्यांची वंशावळ मागे मागे नेली तर ती या कायद्यापाशी येऊन थांबते.

कायद्याची कलमे आजच्या वाचकालाही ओळखीची वाटतील. रेसिडेंटने एखादे ठिकाण बाजार म्हणून जाहीर करायचे. त्या बाजारापासून पाच मैलांच्या आत दुसरा अनधिकृत बाजार भरवायचा नाही. बाजारावर देखरेखीला पाच जणांची समिती. बाजाराची फी, वजनमापांची तपासणी आणि नियम मोडणाऱ्याला दंड. आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे, म्हणजे दलाल आणि मापारी यांना परवाना. ज्याच्या हाती सौदा आणि ज्याच्या हाती काटा, त्या दोघांनाही प्रथमच सरकारदरबारी नाव मिळाले. नाव मिळाले म्हणजे ते काढून घेण्याची सोयही झाली. परवान्याचा खरा अर्थ तोच. नुसता हक्क देणारा कागद काय, कुणीही छापील. चूक केली तर काढून घेता येतो, म्हणून परवान्याला वजन असते.

समितीत कोण बसले होते?

हे सारे वाचून अभिमान वाटतो. मलाही वाटला. पण समितीच्या रचनेपाशी आलो आणि थबकलो. पाच सदस्यांपैकी दोन नगरपालिकेचे आणि तीन कापूस व्यापाऱ्यांमधले. बंडी घेऊन रात्रभर चालत येणारा कास्तकार त्यात कुठेच नव्हता.

म्हणजे दलालाला परवाना देणारा कोण, तर व्यापारी. दलालाची तक्रार करायची कुणाकडे, तर त्याच व्यापाऱ्याकडे. मँचेस्टरला शुद्ध कापूस हवा होता, तेवढ्यापुरते कायद्याने आपले काम चोख केले. कास्तकाराला त्यात जो फायदा झाला तो ओघाने. सारख्या वजनाचा झाला, ठरलेल्या जागी बाजार भरण्याचा झाला. तो लहान नव्हता. पण तो कायद्याचा हेतू नव्हता.

त्या काळी देशातल्या अनेक बाजारांत सौदा रुमालाखाली होत असे. दलाल आणि खरेदीदार एकमेकांचे हात कपड्याखाली धरत आणि बोटे दाबून भाव ठरवत. माल ज्याचा तो शेजारी उभा राहून कपड्याची हालचाल तेवढी पाहायचा. भाव ठरला की त्याला आकडा सांगायचा. तो आकडा खरा किती, हे त्या दोन हातांनाच ठाऊक. पुढे तोलाई, हमाली, धर्मादाय, कडता अशी एकेक कपात. हा रुमाल लक्षात ठेवावा, पुढे तो पुन्हा लागणार आहे.

१९२८ साली शेतीविषयक शाही आयोगाचा अहवाल आला. लॉर्ड लिनलिथगो त्याचे अध्यक्ष. वऱ्हाडच्या बाजारांचे महत्त्व आयोगाने मान्य केले, पण समित्यांत उत्पादकाला स्थान नसल्याकडे बोट दाखवले. तंट्यांच्या निवाड्यासाठी मंडळ असावे, मालाच्या साठवणीची सोय असावी आणि एकाच दलालाने घेणारा आणि विकणारा या दोघांच्या वतीने काम करू नये, असेही आयोगाचे म्हणणे पडले. दोन्ही बाजूंकडून दलाली खाणाऱ्याला नीट नकार देणारे ते सरकारी वाक्य शंभरीला आले आहे.

त्या आधीच्या वर्षी, १९२७ साली, मुंबई इलाख्याच्या कापूस बाजार कायद्याने समितीत शेतकऱ्यांना जागा दिल्या. मध्यप्रांत-वऱ्हाडात १९३२ साली कापूस बाजारांचा आणि १९३५ साली शेतमाल बाजारांचा कायदा आला. महाराष्ट्र झाल्यावर १९६३ चा कायदा. त्याखाली आज १८ जणांचे संचालक मंडळ असते आणि त्यात १५ शेतकऱ्यांचे प्रतिनिधी. ११ सोसायट्यांचे, ४ ग्रामपंचायतींचे. अडते-व्यापाऱ्यांचे दोन आणि हमाल-मापाऱ्यांचा एक. या निवडणुकांत काय चालते ते आपण सगळे पाहतो. तरीही कागदावर पाचातल्या शून्यापासून अठरातल्या पंधरांपर्यंत कास्तकार पोहोचला, हा प्रवास मोठा आहे. त्याला सत्तर वर्षे लागली.

वावराचा बाजार का भरला नाही?

मग प्रश्न असा की, ज्या सरकारने कापसाच्या दलालाला हुडकून काढले, त्याला जमिनीचा दलाल का दिसला नाही?

पहिले कारण साधे आहे. कापूस दरवर्षी विकला जातो, वावर पिढीत एखाद्या वेळी. कापसाला यार्ड लागते, काटा लागतो, शेकडो बंड्या एका जागी जमतात. जमिनीचा सौदा ओट्यावर, चहाच्या टपरीवर, देवळात कुठेही होतो. ज्याला जागा नाही, त्यावर समिती कशी बसवणार?

दुसरे कारण अधिक कडू आहे. त्या काळात वऱ्हाडात जमीन हातची जात होती ती बहुधा सावकाराकडे. आधी कर्ज, मग गहाण, मग गहाणाची खरेदी. घेणारा आधीपासून ठरलेला, देणारा आधीपासून बांधलेला. अशा व्यवहारात वाट दाखवणारा कशाला हवा? वाट एकच होती.

तिसरे कारण राज्यकर्त्यांच्या गरजेचे. जमिनीबाबत त्यांना हवे होते ते सारा भरणारा खातेदार. त्यासाठी त्यांनी मोजणी केली, नकाशे केले, नोंदणीचे कायदे केले. १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा आला, १९०८ चा नोंदणी कायदा आला. खरेदीखत कसे करायचे, किती किमतीच्या वर नोंदवायचे, हे सगळे ठरले. पण तो सौदा जमवणारा कोण, हे कुणी विचारले नाही. कापूस शुद्ध मिळावा म्हणून मँचेस्टरची गिरणी हट्ट धरून बसली होती. वावराचा सौदा शुद्ध व्हावा म्हणून हट्ट धरणारा तसा कुणी नव्हता.

अगदी काहीच कायदा नव्हता असे मात्र नाही. १८७२ च्या करार कायद्यात मुखत्याराची, म्हणजे दुसऱ्याच्या वतीने काम करणाऱ्याची कलमे आहेत. त्याने धन्याला हिशोब दिला पाहिजे, असे २१३ वे कलम सांगते. धन्याला न सांगता त्याने त्या व्यवहारात स्वतःचाच सौदा केला, तर काय होते ते २१५ आणि २१६ या कलमांत आहे. महत्त्वाची गोष्ट लबाडीने दडवली असेल तर धनी तो सौदा नाकारू शकतो, आणि मुखत्याराला त्यातून झालेला फायदा मागून घेऊ शकतो. दीडशे वर्षांपूर्वीचे हे कलम आजही जिवंत आहे. अडचण एवढीच की, ते वापरण्यासाठी दिवाणी कोर्टाची पायरी चढावी लागते आणि एवढी वर्षे थांबण्याची ऐपत वावर विकणाऱ्याकडे नसते. ती असती तर त्याने वावर विकले नसते.

बाहेरच्या जगात

दलालाला परवाना ही कल्पना इंग्रजांनी वऱ्हाडात येऊन शोधलेली नाही. लंडन शहरात १६९७ साली कायद्याने दलालांची संख्या शंभरावर आणून ठेवली होती. प्रत्येकाने शपथ घ्यायची, आपले नाव नोंदवायचे आणि आपल्याजवळ चांदीचे पदक बाळगायचे. पण संख्या बांधली की परवान्यालाच किंमत येते. मग तो सचोटीचा पुरावा राहत नाही, मक्तेदारीचा होतो. पुढे व्यापार वाढला तसे हे बंधन जाचक ठरत गेले आणि १८७० व १८८४ च्या कायद्यांनी ते उठले. लंडनने दलालावरची लगाम सोडली आणि पाठोपाठ कारंजात ती बांधली गेली, हा योगायोग मला फार बोलका वाटतो.

जमीन-घराच्या दलालांपुरते पाहायचे तर अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने १९१७ साली परवान्याचा कायदा केला. तो न्यायालयात टिकला नाही, म्हणून १९१९ साली नवा केला. इंग्लंडने १९७९ साली वेगळी वाट धरली. तिथे या धंद्यासाठी परवाना लागत नाही, पण नालायक ठरलेल्याला बंदी घालता येते. त्या कायद्यातले २१ वे कलम मला आपल्या कामाचे वाटते. ज्या मालमत्तेत दलालाचा स्वतःचा हितसंबंध आहे, तिच्याबद्दल बोलणी सुरू करण्याआधी त्याने तो उघड केला पाहिजे. म्हणजे रुमाल आधी बाजूला ठेवायचा, मग हात पुढे करायचा.

नोंदणी, प्रशिक्षण, परीक्षा

आपल्याकडे मुंबई-पुण्यात फ्लॅटसंस्कृती आल्यावर १९६३ साली महाराष्ट्राने मालकी हक्काच्या सदनिकांचा कायदा केला. त्यात बिल्डरवर बंधने आली, एजंटावर नाही. राज्याने २०१२ साली गृहनिर्माणाचा आणखी एक कायदा केला, पण केंद्राच्या कायद्याने तो रद्द झाला. केंद्राचे विधेयक २०१३ साली राज्यसभेत मांडले गेले आणि मार्च २०१६ मध्ये दोन्ही सभागृहांत मंजूर झाले. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६. लोकांच्या तोंडी ‘रेरा’. मार्च २०१७ मध्ये महाराष्ट्राचे प्राधिकरण स्थापन झाले आणि गौतम चॅटर्जी त्याचे पहिले अध्यक्ष झाले.

या कायद्याच्या ९ व्या कलमाने एजंटाला नोंदणी सक्तीची केली. महाराष्ट्रात एकट्या माणसाला शुल्क दहा हजार रुपये, कंपनी-भागीदारीला एक लाख. मुदत पाच वर्षांची. अर्ज ऑनलाइन. पॅन, पत्त्याचा पुरावा, छायाचित्र, आयकराची विवरणे जोडायची. नोंदणी क्रमांक मिळाला की तो कार्यालयात आणि प्रत्येक जाहिरातीत, कागदपत्रात दाखवायचा. १० व्या कलमात त्याची कर्तव्ये आहेत. नोंदणी नसलेल्या प्रकल्पातला प्लॉट-फ्लॅट विकून द्यायचा नाही, हिशोबाची वह्या-पुस्तके ठेवायची, खोटी आश्वासने द्यायची नाहीत, घेणाऱ्याला त्याच्या हक्काची कागदपत्रे मिळतील असे पाहायचे. नोंदणीविना काम केले तर ६२ व्या कलमाखाली रोज दहा हजार रुपये दंड, मालमत्तेच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत.

पहिली पाच-सहा वर्षे फी भरली की क्रमांक मिळत होता. जानेवारी २०२३ मध्ये महारेराने त्याला प्रशिक्षण आणि परीक्षेची जोड दिली. वीस तासांचे प्रशिक्षण, मग परीक्षा, मग सक्षमतेचे प्रमाणपत्र. २० मे २०२३ च्या पहिल्या परीक्षेला ४२३ जण बसले आणि ४०५ उत्तीर्ण झाले. जुन्या एजंटांना मुदती वाढवून मिळाल्या. तरीही प्रमाणपत्र न घेणाऱ्या सुमारे वीस हजार जणांची नोंदणी मे २०२४ मध्ये स्थगित झाली.

काही जण या परीक्षेला हसतात. माझा पुतण्या अभ्यास करताना पाहिल्यापासून मी हसत नाही. चटई क्षेत्र म्हणजे काय, बिल्डरने सत्तर टक्के रक्कम वेगळ्या खात्यात का ठेवायची, करारनामा कधी करायचा, हे चार वर्षे धंदा करून त्याला माहीत नव्हते. आता माहीत आहे. कुणाच्या तरी पोराचे पहिले घर त्यामुळे वाचेल.

कुंपणाच्या बाहेर

पण या कायद्याचे कुंपण कुठवर आहे, ते नीट पाहिले पाहिजे. ९ वे कलम लागू होते ते नियोजन क्षेत्रातील, नोंदणीकृत प्रकल्पातील, प्रवर्तक विकत असलेल्या प्लॉट, सदनिका किंवा इमारतीला. पाचशे चौरस मीटरपर्यंतच्या जागेवरचा किंवा आठ सदनिकांपर्यंतचा प्रकल्प असेल तर त्याला नोंदणीच नको. आणि शेतजमीन तर मुळात प्रकल्पच नाही.

शिवाय या कायद्याने ज्याची काळजी वाहिली आहे, तो ‘वाटपग्राही’, म्हणजे घेणारा. दहाव्या कलमातली कागदपत्रे मिळायची ती त्याला. फसवणुकीची भरपाई मिळायची ती त्याला. हे योग्यच आहे. पण ज्या कास्तकाराचे वावर विकत घेऊन, अकृषक करून, लेआउट टाकून ते प्लॉट पाडले, त्याचा सौदा कायदा सुरू होण्यापूर्वीच आटोपलेला असतो. प्लॉट पडल्यावर एजंटाला नोंदणी लागते. वावर असताना लागत नाही.

तिवशासारख्या गावात खरा पैसा या पहिल्या टप्प्यात फिरतो. बंधनेही इथेच जास्त. विदर्भाच्या १९५८ च्या कुळकायद्यामुळे शेतकरी नसलेल्याला शेतजमीन सहजी घेता येत नाही. तुकडेबंदीमुळे ठरावीक क्षेत्राखालचा तुकडा विकता येत नाही. वर्ग दोनची जमीन असेल तर परवानगी लागते. सातबाऱ्यावर बहिणींची नावे असतात, बँकेचा बोजा असतो. जिथे जाणकार वाटाड्याची गरज सर्वाधिक, तिथे तो जाणकार आहे की नाही हे तपासणारे कुणीही नाही. १८९७ च्या समितीत कास्तकार नव्हता आणि २०१६ च्या व्याख्येतही तो नाही.

आमच्या घरचा सौदा

इथवर मी इतरांबद्दल लिहिले. आता घरचे सांगतो.

महामार्ग चौपदरी होत होता त्या काळात आमच्या मोठ्या बाबांनी रस्त्यालगतचे तीन एकर वावर विकायला काढले. मोठ्या आईचे दुखणे होते. ओळखीचाच एक दलाल आला. आठ दिवसांत त्याने भाव ठरवला आणि इसार आणून दिला. इसारपावती त्याने स्वतःच्या नावे करून घेतली. सहा महिन्यांची मुदत आणि खाली एक ओळ, की खरेदीखत मी सांगेन त्या इसमाच्या नावे करून द्यावे. साक्षीदार म्हणून माझी सही आहे. मी ती ओळ वाचली होती. अशा पावत्या मी बऱ्याच पाहिल्या होत्या, तशीच रीत असते असे मला वाटले.

पाचव्या महिन्यात नागपूरचा घेणारा आला. खरेदीच्या दिवशी त्याच्याबरोबर चहा पिताना त्याने सहज बोलता बोलता त्याचा भाव सांगितला. एकरामागे पाच लाखांचा फरक होता. तीन एकरांचे पंधरा लाख. शिवाय ठरलेली दोन टक्के दलाली मोठ्या बाबांनी वेगळी मोजून दिली होती.

मोठे बाबा काही बोलले नाहीत. घरी येताना बसमध्ये एवढेच म्हणाले, ‘‘तू तर वाचनारा मानूस हायेस ना रे?’’

करार कायद्याचे २१५ वे कलम मी वाचले ते त्यानंतर तीन वर्षांनी. ते आज नाहीत. मी या विषयाच्या मागे का लागलो, असे कुणी विचारले तर हे त्याचे उत्तर आहे. जुन्या बाजारातल्या रुमालाबद्दल पहिल्यांदा वाचले तेव्हा मला बोटे दिसली नाहीत. ती इसारपावती दिसली. रुमाल कापडाचा असतो असे नाही, तो मुद्रांकाच्या कागदाचाही असतो.

काय करता येईल?

प्रत्येक गावातल्या मोटारसायकलवरच्या पोराला दहा हजारांची फी आणि परीक्षा लावा, असे मी म्हणणार नाही. लंडनच्या शंभर दलालांची गोष्ट डोळ्यांपुढे आहे. परवाना महाग झाला की गरीब दलाल जातो आणि पैसेवाला मक्तेदार उरतो. शेतीत भागत नाही म्हणून या धंद्यात आलेली पोरे कास्तकाराचीच आहेत, माझा पुतण्या त्यातलाच. बहुतेक जण प्रामाणिक आहेत आणि त्यांच्याशिवाय सौदे होणार नाहीत.

पण बाजार समितीच्या सव्वाशे वर्षांच्या अनुभवातून तीन गोष्टी वावराच्या सौद्यात आणता येतील. एक, नाव. तालुक्याला एक वही, नाममात्र शुल्क आणि दलाल म्हणून त्यात नोंद. चूक केली तर ती काढून टाकण्याची सोय. दोन, हिशोबपट्टी. अडत्या कापसाच्या शेतकऱ्याला भाव, वजन आणि कपात लिहिलेली पट्टी देतो. वावर विकणाऱ्यालाही खरेदीखताबरोबर तशी पट्टी मिळावी, घेणाऱ्याने प्रत्यक्ष काय दिले, दलालाने दोन्हीकडून काय घेतले. खरेदीखतात मध्यस्थाच्या नावाचा एक रकाना असला तरी निम्मे काम होईल. तीन, दलालाने स्वतःच्या नावे इसार घ्यायचा असेल तर त्याने आधी स्पष्ट सांगावे की, आता मी तुमचा दलाल नाही, घेणारा आहे. घेणारा असेल तर खुशाल नफा करावा, पण मग दलाली मागू नये. शाही आयोगाने कापसाबाबत सांगितले ते याहून वेगळे नव्हते.

यात नवे काही नाही. सगळे वऱ्हाडच्याच बाजारात केव्हाचे करून झाले आहे. फक्त यार्डाच्या फाटकापासून वावराच्या धुऱ्यापर्यंत ते आणायचे आहे.

पुतण्या परीक्षा पास झाला. महामार्गावरच्या त्याच्या खोलीबाहेर आता नोंदणी क्रमांकाची पाटी लागली आहे. परवा एक म्हातारे गृहस्थ पाटी पाहून आत आले, दोन एकर विकायचे म्हणाले. पाटी त्या सौद्याला लागू नाही, हे त्यांना ठाऊक नव्हते. पुतण्याने वही काढली, त्यांचे नाव लिहिले आणि म्हणाला, ‘‘बाबाजी, घेनाऱ्याचा भाव तुमच्यासमोरच बोलू. इसार तुमच्या अन् त्याच्याच नावाने होईन.’’

हे त्याला कोणत्याही कलमाने सांगितलेले नाही. मोठ्या बाबांची गोष्ट त्याने घरात ऐकली आहे. पण प्रत्येक दलालाच्या घरात अशी गोष्ट असेलच असे नाही, म्हणून कायदा लागतो.